ब्लीच नको, आधी पाणी कुठून येतं ते बघा

भाऊ, तुमच्या कॅम्पर व्हॅनच्या पॉप-टॉपच्या (वर उचलून उघडायच्या छताच्या) कॅनव्हासवर काळे ठिपके आणि छताच्या प्लायवर पिवळट वर्तुळं, असं तुम्ही लिहिलंय. हे दोन वेगळे आजार आहेत.

ठिपके म्हणजे बुरशी. ओलं कापड दुमडून छत बंद केलं की ती धरतेच. कडा गडद असलेलं वर्तुळ मात्र बाहेरून झिरपलेल्या पाण्याचं. आमच्या जुन्या गाडीत तसंच होतं. नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हात छताची रबर पट्टी कडक होऊन तडकली होती. नखाने दाबली तर पुन्हा वर येईना. गळती शोधायला एकाने आत टॉर्च धरायची, दुसऱ्याने बाहेरून पाण्याची बारीक धार खालून वर सरकवत न्यायची. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं, भोक सापडत नाही.

या चर्चेत वर कुणीतरी बुरशीसाठी ब्लीच सुचवलंय. कृपा करून नको. कापड आणि शिवण दोन्ही कमजोर होतात. पांढरं व्हिनेगर नि पाणी निम्मं-निम्मं, मऊ ब्रश, अर्धा तास थांबून साध्या पाण्याने धुवा. आधी ब्लीच लावलं असेल तर त्यावर व्हिनेगर अजिबात नको, विषारी क्लोरीन वायू निघतो. जुना डाग फिका होईल, पूर्ण जाईलच असं नाही. खडखडीत वाळल्यावरच वॉटरप्रूफिंगचा स्प्रे मारा.

चिखलदऱ्याच्या धुक्यातून ओलं छत मिटून आलात, तर घरी पोहोचल्यावर सामान नंतर उतरवा, आधी छत उघडा.