प्रायॉरिटी क्यूत टाकलेल्याचं प्राधान्य नंतर बदलता यायला नको का?

खटपट्या: मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट ६ मध्ये (२०२१) एकदाची प्रायॉरिटी क्यू (ज्याचं प्राधान्य आधी ते पहिलं बाहेर देणारी रांग) आली, पण आत गेलेल्या घटकाचं प्राधान्य बदलायची सोय नाही. जावातही नाही. काढून परत टाका म्हणतात, पण जावाचं रिमूव्ह अख्खा अ‍ॅरे चाळतं. डायक्स्ट्रा (सगळ्यात जवळची वाट शोधायची रीत) चालू असताना एखाद्या गावाचं अंतर १२ वरून ९ वर आलं तर काय करायचं? ते गाव कुठल्या खणात आहे हे हीप (क्यूच्या आतली खणांची रचना) सांगतच नाही.

वाटसरू: ९ वालं नवं टाका, १२ वालं पडू द्या. ते वर येईल तेव्हा गाव आधीच झालेलं असेल, फेकून द्या. हीप फुगेल, पण साध्या ग्राफमध्ये कडा (रस्ते) शिरोबिंदूंच्या (गावांच्या) वर्गाहून कमीच, म्हणजे दर वेळी टाकायला-काढायला लागणारा लॉग फार तर दुप्पट. खण लक्षात ठेवायचे तर प्रत्येक अदलाबदलीला नोंद बदलावी लागते. ज्याला नुसतं पुश-पॉप (टाकणं-काढणं) हवंय त्याने हा भुर्दंड का भरावा?

खटपट्या: डायक्स्ट्राचं मान्य. माझं खरं दुखणं टायमर. दर विनंतीला ३० सेकंदांचा टाइमआउट, विनंती संपते पाव सेकंदात. सेकंदाला हजार विनंत्या धरा: जवळपास तीस हजार मेलेल्या नोंदी हीपमध्ये मुक्काम ठोकून!

उंबरठा: गो भाषा बघा. तिथे फिक्स (प्राधान्य बदललेला घटक योग्य जागी नेणारं) आणि रिमूव्ह दोन्ही आहेत, फक्त खणाचा नंबर तुमच्या स्वॅपमध्ये (अदलाबदलीच्या मेथडमध्ये) तुम्हीच सांभाळायचा. (मी एकदा विसरलो. भलताच टायमर रद्द होत होता, अर्धा दिवस गेला.) साध्या आकड्यांसाठीही पाच मेथड लिहायच्या, हा वैताग आहेच.

वाटसरू: टायमरला झाडू मारा. पायथनची असिंकआयओ लायब्ररी तेच करते: १०० हून जास्त टायमर आणि त्यातले निम्म्याहून जास्त रद्द, की मेलेले गाळून हीपिफाय (हीप नव्याने रचणं).

खटपट्या: म्हणजे गरज त्यांनाही पडलीच की! डॉटनेट ९ नेही शेवटी रिमूव्ह दिलं, तेही एकेक घटक तपासत जाणारं. पुश करताना एक पावती द्या, ती दाखवली की थेट तो खण. एवढंच मागतोय.

वाटसरू: दहा लाख घटक, दहा लाख पावत्या. मेमरी कोण भरणार?

खटपट्या: मग दोन क्लास करा ना राव, पावतीचा आणि बिनपावतीचा. मेमरी मी भरतो.