अर्किमिडीजचं 14 तुकड्यांचं सागवानी कोडं, शेवटचा तुकडा बसतच नाही!

वऱ्हाडी_गडी
मंडळी, बैठकीत भिंतीवर लावाले म्हणून गावच्या मिस्त्रीकडून स्टोमॅकियन (हेच ते अर्किमिडीजचं कोडं, तुकडे जोडून चौकोन भरायचा) बनवून घेतलं, जुन्या दरवाजाच्या सागवान फळीतून, 12 इंची चौकोनात 14 तुकडे. मिस्त्रीनं फळीवर आखलं, करवतीनं कापलं, तुकडे जमवून भोवती चौकट ठोकली, एकदम फिट. दिवाळीत पोट्ट्यायनं सगळे तुकडे काढले, म्हटलं आता नेटवरची दुसरी रचना लावू, तर शेवटचा त्रिकोण थोडासा वरच राहते, दाबला तरी आत जात नाही. 536 प्रकारे बसते म्हणतात ते खरं का नुसत्या गफ्फा?

गणितवाली_ताई
खरंय भाऊ. कोड्यांचे जाणकार बिल कटलर यांनी 2003 मध्ये कॉम्प्युटरवर मोजलं, फिरवलेल्या, आरशातल्या अन सारख्याच तुकड्यांची अदलाबदल केलेल्या रचना एकच धरल्या तर 536, सगळ्या वेगळ्या मोजल्या तर 17,152. तुमचा चौकोन 12 इंची आहे म्हणजे मजाच, सगळे कोपरे इंच-इंचाच्या जाळीवर पडतात अन प्रत्येक तुकड्याचं क्षेत्रफळ पूर्ण आकड्यात येतं, सगळ्यात लहान 3 चौरस इंच, मोठा 24, सगळ्यांची बेरीज 144. पोरांना मोजायला लावा. अन हे अर्किमिडीजनंच शोधलं असं छातीठोक नका सांगू कोणाला, त्यानं यावर लिहिलं एवढं पक्कं. त्या लिखाणाची कातड्यावरची जुनी प्रत खरडून त्याच कातड्यावर पुढं प्रार्थनेचं पुस्तक लिहिलेलं, डेन्मार्कचे अभ्यासक हायबर्ग यांनी 1906 मध्ये खालचं लिखाण ओळखलं.

रंधा_करवत
ताईचं गणित बरोबर, पण घोळ चौकटीत हाय. करवत दर कापाला दीड-दोन मिलिमीटर लाकूड खाते, मिस्त्रीनं तुकडे दाबून मग चौकट मापली असंल. त्या एका रचनेत चाललं, दुसऱ्यात कसं चालंल? आतून टेप लावा. चौकट पुरी 12 ची केली तर सगळ्या रचना बसतील पण फटी दिसतील. फटी नको असंल तर पुठ्ठ्याचे फर्मे करून एकेक तुकडा वेगळा कापा, रेघेच्या बाहेरून, मग पॉलिश पेपरनं घासत रेघेवर या. चौकटीत थोडी सूट ठेवा, पावसाळ्यात सागवानही फुगते.

वऱ्हाडी_गडी
मापलं, 11 इंच 6 सूत, म्हणजे पावणेबारा इंचच निघालं बाप्पा! मिस्त्रीले दाखवलं तर म्हणते, तुम्ही भिंतीवर लावाले सांगतलं होतं, खेळाले कुठी सांगतलं.