पंचायत कर्मचाऱ्यांचं हवामान बदल प्रशिक्षण: दोन दिवसांत नेमकं काय घ्यावं?

माळरान:
सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्यात ग्रामपंचायत अधिकारी, तलाठी, शाखा अभियंते आणि पाणीपुरवठा कर्मचारी अशा चाळीस जणांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण आखायचं आहे. सध्याचा आराखडा: पहिल्या दिवशी हरितगृह वायू आणि जागतिक करार, दुसऱ्या दिवशी माझी वसुंधरा अभियान आणि वृक्षलागवड. यातून कोणाच्याही टेबलावरचं काम बदलेल असं वाटत नाही. ऊन आणि ओढ्यांचे पूर, या दोन्हींवर प्रत्यक्ष करायला लावणारे सराव सुचवा.

ओढाकाठ:
विज्ञानाला चाळीस मिनिटं पुरेत. एकच गोष्ट नीट पोचू द्या: हवा एक अंशानं तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं. म्हणून पर्जन्यछायेतल्या आपल्या जिल्ह्यातही पाऊस आला की एकदम कोसळतो.

मग लगेच मोरीचं, म्हणजे रस्त्याखालून ओढ्याचं पाणी नेणाऱ्या पाइपांचं, गणित द्या. ५०० हेक्टरचं पाणलोट, ६५ मि.मी. पाऊस (महसूल खातं याला अतिवृष्टी धरतं), त्यातलं ३० टक्के पाणी वाहून ओढ्यात. १ हेक्टरवर १ मि.मी. म्हणजे १०,००० लिटर, अर्थात १० घनमीटर. एकूण ९७,५०० घनमीटर. हे २४ तासांत सावकाश वाहिलं तर सेकंदाला सरासरी १.१ घनमीटर. ९०० मि.मी.च्या सिमेंट पाइपातून सेकंदाला २ मीटर वेगानं साधारण सव्वा घनमीटर जातं, म्हणजे एक पाइप पुरतो. तेवढंच पाणी दोन तासांत आलं तर सेकंदाला साडेतेरा घनमीटर, आणि पाइप लागतात अकरा. पाऊस तोच, मोरी वाहून गेली. हे अभियंत्यांनी स्वतः फळ्यावर मांडायला हवं, तुम्ही सांगून उपयोग नाही.

दुपारी प्रत्येकानं आपल्या गावच्या नकाशावर मोऱ्या, ओढ्यात शिरलेली बांधकामं आणि पूररेषेतले वीज पंप खुणेनं दाखवावेत. सप्टेंबर २०२५ च्या सीना नदीच्या पुरात पाणी कुठवर आलं होतं, ते गावकऱ्यांकडून विचारून भिंतीवर रंगानं नोंदवावं. पुढच्या कोणत्याही अंदाजपत्रकाला ती रेघ उपयोगी पडते.

काळीमाती:
ओढाकाठ, गणित छान आहे, पण ३० टक्के दोन्हीकडे सारखं धरू नका. जोराच्या पावसात पाणी मुरायला वेळच मिळत नाही. त्यात काळी जमीन आधी भिजलेली असली की भेगा मिटतात आणि वाहणारा वाटा आणखी वाढतो. सरावात ३० आणि ६० टक्के, दोन्ही करून घ्या. शिवाय पाइप कागदावर मोकळा असतो, प्रत्यक्षात त्याच्या तोंडाशी वेड्या बाभळीच्या फांद्या आणि प्लास्टिक अडकलेलं असतं. मे महिन्यात मोऱ्या साफ करण्याचं काम कोणाकडे, हे तिथल्या तिथे नावानिशी ठरवून घ्या.

आणखी एक. सकाळी साडेआठला मोजलेला पाऊस २४ तासांचा असतो, त्यातून जोर कळत नाही. महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राच्या तासागणिक नोंदी मागवा.

सावलीवाट:
उन्हाबद्दल. हवामान खात्याच्या निकषाप्रमाणे मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश आणि सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी जास्त, किंवा थेट ४५ झालं, तर उष्णतेची लाट. मे महिन्यात सोलापूरची सरासरीच चाळिशीच्या आसपास असते. म्हणजे लाट जाहीर होईपर्यंत पारा जवळजवळ पंचेचाळिशीला टेकतो. पत्र्याच्या शेडमध्ये यंत्रमाग चालवणाऱ्याला किंवा बिड्या वळणाऱ्या बाईला त्याच्या कितीतरी आधी त्रास सुरू होतो. तेव्हा स्थानिक इशारा आधीच्या टप्प्यावर ठेवा.

सराव असा: अंगणवाडी, पत्र्याचं शेड आणि झाडाखाली डोक्याच्या उंचीवर, भिंतीपासून दूर तापमापी टांगा. दुपारी दोन आणि रात्री दहा, अशा दोन वेळा नोंद घ्या. रात्रीचा आकडा विसरू नका, शरीर सावरतं ते रात्री. उष्माघाताचा क्रमही पाठ हवा: लगेच १०८ ला फोन, सावली, सैल कपडे, अंगावर पाणी आणि वारा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये.

माळरान:
सावलीवाट, अंगणवाड्यांच्या पत्र्याला चुना मारायचं सुचवावं का? पहिल्या पावसात धुऊन जातो, अशी तक्रार असते.

सावलीवाट:
सुचवा. धुऊन गेला तरी उन्हाळा निघतो आणि खर्च थोडा. फेब्रुवारीअखेर पत्रा घासून धुवा, गंज खरवडा (गंजावर चुना धरत नाही), मग दोन हात, दुसरा आडवा. जुन्या सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय देऊ नका, फळी टाका. छताचं पाणी टाकीत जात असेल तर पन्हळीचा पाइप आधी सोडवून ठेवा.

ओढाकाठ:
तारखांचं बघा. दोन्ही दिवस सलग घेऊ नका. उन्हाचा दिवस फेब्रुवारीत. पाण्याचा ऑगस्टमध्ये, कारण २ ऑक्टोबरपासून ग्रामपंचायत विकास आराखड्याची मोहीम सुरू होते आणि मोरीचं काम त्यात बसवायचं तर मापं तोवर हातात हवीत. मे महिन्यातल्या सफाईची नावं मात्र फेब्रुवारीच्या दिवशीच लिहून घ्या.