जुन्या फोटोतली बाई: हौसेने उभी की उभी केलेली?

तापीकाठ: जळगाव-धुळ्याकडच्या जुन्या घरांत हा फोटो हमखास दिसतो. नवरा खुर्चीत, बायको शेजारी उभी, नऊवारी, नथ, चेहरा दगडी. माझ्या मते हा बाईचा फोटोच नाही. घराची ऐपत दाखवायला तिला दागिन्यांसकट उभं केलंय.

काचवाला: चेहऱ्यावरून एवढं ठरवू नका. १८५१ नंतरच्या ओल्या कोलोडियनच्या काचेला (कोलोडियन नावाच्या चिकट द्रवाचा थर दिलेली, ओली असतानाच फोटो घ्यायची काच) कित्येक सेकंद उजेड द्यावा लागे. तेवढा वेळ हसू टिकत नाही, ओठ हलले की तोंड पुसट. त्यात ती काच मुख्यतः निळा उजेडच धरते, लाल-पिवळं काळवंडतं. कुंकू काळं, सोनं मळकं, सावळा चेहरा आणखी सावळा. दागिने मिरवायला याहून वाईट साधन नाही! म्हणून तर छापावर ब्रशने सोनेरी रंग भरत.

तापीकाठ: म्हणजे वरून रंग भरून दागिने दाखवतच होते की. माझ्याच बाजूचं बोललात, भो. आणि उभं माणूस जास्त डुलतं. त्याच्या डोक्यामागे लोखंडी टेकू लावत, कधी पावलांमागे त्याची बैठक दिसते. फोटो नीट यावा एवढंच असतं तर बाईला बसवलं असतं. बसलंय कोण?

अहिराणी लेक: बसलेल्या बायकांचेही फोटो आहेत, ते का सोडता? नामवंत छायाचित्रकार लाला दीनदयाळांनी १८९२ मध्ये हैदराबादला फक्त बायकांसाठी स्टुडिओ काढला, तोही एका बाईच्या देखरेखीखाली. बायकांना हौस नसती तर एवढा खटाटोप कशाला?

तापीकाठ: हैदराबादच्या बड्या घरांचं खानदेशाला कशाला लावता? आणि पैसे कोण मोजायचं?

अहिराणी लेक: पैसे नवऱ्याचे म्हणून हौसही त्याचीच? मग लग्नातला शालूही त्याचाच म्हणा.

सातपुडा: काळ न बघताच भांडताय. १८८० च्या सुमारास जिलेटिनच्या कोरड्या काचा रुळल्या, उजेड द्यायचा वेळ खूप घटला. त्यानंतरच्या दगडी चेहऱ्याचा दोष काचेला देता येत नाही, तो रिवाज. आधी भिंग लावा. कागदाचे तंतू, बारीक भेगा, पिवळट झाक दिसली तर बहुधा अल्ब्युमेन, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेला जुना कागद. गडद भागात कडेला चंदेरी चमक असेल तर बहुधा जिलेटिनचा थर दिलेला नंतरचा कागद. पुठ्ठ्याची मागची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओच्या पत्त्यात ‘पूर्व खानदेश’ असेल तर फोटो १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व-पश्चिम असे दोन भाग झाले त्यानंतरचा. आणि फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, चेहरा काचेवरच राहतो. काचेसकटच स्कॅन करायचा.