जिनिव्हाच्या परिषदेत यंत्राची छायाचित्रे दाखवावीत, की आधी पेटंटचा अर्ज करावा?

नमस्कार. मी जळगाव येथील एका विधी महाविद्यालयात शिकवते. बौद्धिक संपदा कायद्यावर जिनिव्हा येथे होणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी माझा निबंध स्वीकारला गेला आहे. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामुळे नावाला संरक्षण लाभले. मात्र घड कापल्यानंतर बागेत उरणाऱ्या खोडाचा उपयोग करण्याच्या कौशल्याला ते लागू पडत नाही, असा निबंधाचा रोख आहे. शेंगेन व्हिसा आणि ३०,००० युरोंचा प्रवास विमा यांची व्यवस्था झाली आहे. अडचण वेगळीच आहे.

फैजपूरजवळ माझ्या मावसभावाचे वेल्डिंगचे छोटे वर्कशॉप आहे. खोडापासून धागा काढणारी यंत्रे बाजारात मिळतात, पण त्याने रोलरवरील पात्यांची मांडणी बदलून धागा तुटण्याचे प्रमाण बरेच कमी केले आहे. गेल्या दिवाळीपासून दोन शेतकऱ्यांच्या बागांत त्याची चाचणी सुरू आहे. या यंत्राची छायाचित्रे माझ्या सादरीकरणात आहेत आणि आयोजक ते सादरीकरण परिषदेच्या पंधरा दिवस आधी संकेतस्थळावर ठेवणार आहेत. भाऊ म्हणतो, "ताई, तिकडे आपले यंत्र पाहून कोण काय करणार आहे?" मला मात्र विद्यार्थ्यांना नवीनतेचा नियम (अर्जापूर्वीच शोध जाहीर झाला, तर पेटंट मिळत नाही) शिकवून स्वतःच तो विसरल्याची लाज वाटते.

भारतीय पेटंट कायदा, १९७० मधील कलम ३१ नुसार, खऱ्या व प्रथम शोधकाने विद्वत्संस्थेपुढे वाचलेल्या निबंधातील वर्णनामुळे, १२ महिन्यांच्या आत अर्ज केल्यास, नवीनता जात नाही. पण शोधक माझा भाऊ आहे आणि निबंध मी वाचणार आहे. शिवाय विद्यापीठाने भरवलेल्या परिषदेला 'विद्वत्संस्था' म्हणता येईल का, याबद्दल मला शंका आहे. कलम ३२ मध्ये वाजवी चाचणीसाठी केलेल्या सार्वजनिक वापराला एक वर्षाची सवलत आहे, म्हणजे तिथेही दिवाळीपर्यंतच वेळ उरतो. युरोपीय पेटंट करारात तर ही सवलत फारच तोकडी आहे. त्या कराराच्या कलम ५५ मध्ये शोधाच्या गैरवापराचा आणि मान्यताप्राप्त आंतरराष्ट्रीय प्रदर्शनांचाच अपवाद आहे.

त्यामुळे आधी मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे प्रोव्हिजनल (प्राथमिक) अर्ज ऑनलाइन दाखल करावा आणि मगच निघावे, असा माझा कल आहे. वैयक्तिक अर्जदाराला त्याचे शुल्क १,६०० रुपये आहे. मुख्य खर्च पुढे १२ महिन्यांत कम्प्लीट स्पेसिफिकेशन (शोधाचे संपूर्ण वर्णन) तयार करून घेण्याचा असेल.

ज्यांनी असा अर्ज स्वतः केला आहे त्यांना माझी विनंती आहे, की पात्यांच्या कोनांची व अंतरांची मापे प्रोव्हिजनल अर्जात किती बारकाईने द्यावी लागतात, आणि हाताने काढलेली आकृती चालते का, हे कृपया सांगावे. अर्ज वेळेत झालाच नाही, तर रोलरची स्लाइड काढून केवळ बाहेरून दिसणारे यंत्र आणि निघालेला धागा दाखवणे पुरेसे सुरक्षित ठरेल का? सुधारित सादरीकरण पाठवण्यासाठी माझ्याकडे तीन आठवडे आहेत.