ग्रँड कॅन्यनला आरव्हीमध्ये कुत्रा एकटा ठेवावा का?

प्रश्न: जूनमध्ये आम्ही भाड्याच्या आरव्हीने (राहण्याची सोय असलेल्या मोठ्या गाडीने) साउथ रिमला, म्हणजे दरीच्या दक्षिण कड्यावर, जाणार आहोत. ब्राइट एंजल वाटेने थोडे खाली उतरायचे असल्यामुळे आमच्या लॅब्रडॉरला एसी लावून तीन-चार तास गाडीतच ठेवणे योग्य ठरेल का?

उत्तर १: केवळ एसीवर भिस्त ठेवू नये. तिथल्या मेदर कॅम्पग्राउंडमध्ये (मुक्कामाच्या तळावर) गाडीसाठी वीजजोडणी नाही. ट्रेलर व्हिलेज या दुसऱ्या तळावर ती असली तरी ब्रेकर ट्रिप झाला की एसी बंदच पडतो. बाहेर २१ अंश सेल्सिअस असताना बंद मोटारीतले तापमान १० मिनिटांत सुमारे १० अंशांनी वाढते. आरव्हीला वेळ थोडा अधिक लागेल, एवढाच काय तो दिलासा.

उत्तर २: तापमान मोबाइलवर कळवणारे यंत्र मिळते, पण दरीत रेंजच नसेल तर ती सूचना वाचणार कोण? त्यापेक्षा साउथ रिमवरच्या केनेलमध्ये (पाळीव प्राणी सांभाळणाऱ्या ठिकाणी) आधी जागा राखून ठेवावी. तेथे लसीकरणाचा दाखला मागतात.

उत्तर ३: आळीपाळीने एकाने वर थांबावे. सहा फुटांपर्यंतचा पट्टा लावून कुत्र्याला रिम ट्रेलवर, म्हणजे कड्यावरच्या वाटेवर, नेता येते. कड्याखालच्या वाटांवर मात्र परवानगी नाही. दुपारी फरशी तापते, पंजे जपावेत.