कमी पगारात घर नीट चालतं का? मराठवाड्यातल्या जाणत्यांनी लिहा

महिन्याला बारा-पंधरा हजार, खाणारी चार माणसं, घर स्वतःचं. भागतं की नाही यावर भांडण नको. काय, किती अन् कसं, तेवढंच लिहा.

परभणी
पोटाचं भागतं. प्राधान्य कुटुंबाच्या रेशन कार्डावर महिन्याला माणशी ५ किलो, म्हणजे चौघांना २० किलो धान्य फुकट मिळतं. भाकरी खाणाऱ्या घराला ३५-४० किलो लागतं. वरची ज्वारी महिन्याच्या महिन्याला दुकानातून आणू नका. सुगी झाली की मार्चच्या सुमारास दोन क्विंटल एकदम घ्या. तीन-चार दिवस कडक उन्हात वाळवा, दाणा दाताखाली कट्ट वाजला पाहिजे. मग रात्रभर निवू द्या अन् सकाळी कोठीत भरा. गरम भरली की आत घाम सुटतो, बुरशी धरते. कडुलिंबाचा पाला सावलीत पुरता वाळवलेलाच टाका, ओल्या पाल्यानं धान्य नासतं. पावसाळ्यात कोठी सारखी उघडायची नाही. महिन्याची ज्वारी डब्यात काढून घ्या, नसता टोके (धान्यातले किडे) झालेच म्हणून समजा.

लातूर
भाजी महाग झाली की येसर, म्हणजे आमटीचं भाजलेलं पीठ. गहू, ज्वारी, हरभऱ्याची डाळ वाटी-वाटी, धने अर्धी वाटी, वाळल्या मिरच्या अन् थोडं जिरं. सगळं वेगवेगळं मंद आचेवर भाजून दळायचं. चौघांच्या आमटीला चार चमचे बास. गार पाण्यात कालवून मगच फोडणीत सोडा, गुठळ्या होत नाहीत. उकळताना आळते, म्हणून पाणी आधीच सढळ घाला.

जालना
विजेत १०० युनिटच्या पुढचे युनिट महाग पडतात. कूलर साधारण १५०-१८० वॅटचा. दहा तास चालवला तर महिन्याला ४५-५५ युनिट त्याचेच. पण उन्हाळ्यात टँकर विकत घेणाऱ्या घरी कूलर विजेपेक्षा पाण्यालाच जास्त खातो.

बीड
वर ज्वारी अन् येसरवर चांगलं लिहिलंय, पण घर बुडतं ते किराण्यानं नाही, व्याजानं. दोन रुपये शेकडा म्हणजे वर्षाला २४ टक्के, पाच रुपये म्हणजे ६०. हप्त्याच्या कर्जात ‘फक्त १२ टक्के’ सांगतात तेव्हा विचारा, व्याज उरलेल्या मुद्दलावर की पहिल्या सगळ्या रकमेवर? पहिल्या रकमेवर असेल तर वर्षाच्या मासिक हप्त्यांत तेच २१-२२ टक्के पडतं. आठवड्याचा हप्ता असला तर मजुरी बंद असलेल्या आठवड्यातही भरावाच लागतो, अन् तो भरायला लोक दुसरं कर्ज काढतात. बचत गटातून आधी विचारा.

नांदेड
महात्मा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार आहेत, पण ते योजनेतल्या दवाखान्यात अन् यादीतल्या आजारांना. ताप-खोकल्याची तपासणी, रोजच्या गोळ्या त्यात नाहीत. बीपी-शुगरच्या गोळ्या सरकारी दवाखान्यातून घ्या.

हिंगोली
त्यालाच जोडून. रेशन कार्डावरचं अन् आधारवरचं नाव एकच आहे का, ते आजच बघा. नवी सून अन् लेकराचं नाव चढवलेलं नसतं, ते ध्यानात येतं दवाखान्यात भरती व्हायच्या दिवशी.